दोर कुणाच्या हाती

दस्तगीरनं कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरं टोक सिद्रामच्या हातात दिलं.

मी हात पुढं केलेला होता. तो तसाच राहिला. मग मी तो मागं घेतला आणि उगाच डोक्याचं मुंडासं सारखं केलं, पण बघणाऱ्यांनी बघायचं ते बघितलं होतं. टोळीतला नेमगोंडा खोकला. आण्णा मुकादम दुसरीकडं बघायला लागले. सिद्राम तर हातातल्या टोकाकडं असा बघत होता, जणू शेजारच्या पानात वाढायचं ते चुकून त्याच्या पानात पडलंय.

"मी?" तो म्हणाला.

"तूच," दस्तगीर म्हणाला. "धरायचा नसंल तर तसं सांग."

"धरतो की."

वर्षभरात त्या दोघांचं झालेलं हे पहिलं बोलणं. दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं नाही. त्यानं पेवाच्या तोंडात पाय सोडले, खांदे चोरले आणि तो आत उतरला.

आमचं गाव सांगलीजवळचं, नदीकाठचं. आता तिथं पेव शोधून सापडायचं नाही, हळद थंडगार गोदामांतून राहते. पण माझ्या तरुणपणी गावाबाहेरच्या माळावर पाय ठेवावा तिथं खाली पेव असायचं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं मोठं गाडगं. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. त्यात हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवायची, वर माती लिंपायची आणि भाव येईपर्यंत विसरून जायचं. हळद आत कितीही दिवस राहायची, कीड म्हणून लागायची नाही. कारण आत हवाच नसायची. जे किडीला लागू, तेच माणसाला.

म्हणून पेव उघडलं की आधी मोकळं ठेवायचं. लिंबाचा डहाळा दोराला बांधून वरखाली करायचा, आतली हवा हलवायची, मग पेटता कंदील सोडायचा. कंदील विझला तर 'पेवानं दम धरलाय' म्हणायचं आणि वाट बघायची. नाही विझला तर एकानं उतरायचं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि त्या दोराचं टोक ज्याच्या हातात, तो तोंडावरचा माणूस. त्यानं दुसरं काही करायचं नाही. पाटी ओढायची नाही, तंबाखू मळायची नाही. खाली बघत बसायचं आणि घडीघडीला विचारायचं, 'हाईस का?' खालच्यानं म्हणायचं, 'हाय.' ते 'हाय' आलं नाही, की ओढायचं.

तोंडावर कोण बसणार हे उतरणारा ठरवायचा. त्यात मुकादमाचं चालायचं नाही, व्यापाऱ्याचं तर नाहीच. आणि 'ह्यालाच का' असं विचारायचीही रीत नव्हती. लग्नात मामाचा जसा मान, तसा आमच्या टोळीत त्या टोकाचा मान. दस्तगीर पेवात उतरायला लागल्यापासून त्याचं टोक माझ्या हातात होतं.

आम्ही एका गल्लीतले. नदीत पोहायला एकाच भोपळ्यावर शिकलो आणि शाळाही एकाच दिवशी सोडली. आमच्या दोघांत एक सायकल होती, ती मुळात कुणाची हे आज मलाही सांगता येणार नाही. मी तापट, नाकावर माशी बसू न देणारा. तो थंड. मी तासभर बोलावं आणि त्यानं शेवटी एक वाक्य बोलून त्या सगळ्यावर पाणी ओतावं, असं आमचं चालायचं. आई म्हणायची, ह्या दोघांचं जमतं कसं देव जाणे. दस्तगीरची बायको जैतून म्हणायची, जमतं कुठं, एकमेकांना सोसत्यात.

आणि सिद्राम म्हणजे सकाळी एरंडेल पिऊन कामाला येणारा माणूस. त्याच्या परड्यातला वालाचा वेल दस्तगीरच्या शेळीनं खाल्ला, त्यावरून दोघांची जुंपली. सिद्राम म्हणाला, "शेळी आन् मालक, दोघांना दावं न्हाई." दस्तगीर म्हणाला, "वाल खाऊन माझ्या शेळीचं दूध कडू झालं, त्येचं काय?" तेव्हापासून बोलणं बंद. मीही सिद्रामशी बोलायचं सोडलं. माझं त्याच्याशी काही वाकडं नव्हतं, पण मित्राचं भांडण ते आपलं भांडण, एवढंच मला कळत होतं.

त्या माणसाच्या हातात आज टोक होतं, आणि मी किसनाबरोबर पाटीचा दोर ओढत होतो.

"काय जोत्या, सवत आली म्हनायची," नेमगोंडा पोत्यात हळद भरता भरता म्हणाला.

"तुझं काम कर."

"मी आपलं विचारलं. घरात काय झालं का दोघांच्यात?"

"काय न्हाई झालं."

खरंच काही झालं नव्हतं, आणि तेच मला खात होतं. आदल्या संध्याकाळी आम्ही पारावर बसलो होतो. त्यानं माझ्या पिशवीतली तंबाखू खाल्ली, चुना जास्त झाला म्हणून मला नावं ठेवली आणि घरी गेला. त्यात टोक काढून घेण्यासारखं काय होतं? मी एकेक आठवत गेलो. त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाला मी उशिरा पोचलो होतो. जैतूनला एकदा सगळ्यांदेखत म्हणालो होतो की तुमच्या कालवणाला मीठ नसतं. प्रत्येक पाटीबरोबर एक नवीन गुन्हा वर यायचा आणि तो तेवढा मोठा नाही असं वाटून मी तो सोडून द्यायचो.

उलट माझ्या बाजूनं किती होतं. गेल्याच महिन्यात एका पेवावर मी 'हाईस का' म्हणालो आणि खालून उत्तर आलं नाही. मी मागचापुढचा विचार केला नाही, पाय आत सोडले आणि उडी टाकणार, तेवढ्यात खालून आवाज आला, "आरं, मानसाला शिंकू तरी द्या." टोळी पोट धरधरून हसली. पुढं आठवडाभर मला 'शिंक्या' म्हणत होते. हसू देत. दुसऱ्या कुणाचा मित्र असा उडी टाकायला तयार होता? जो होता त्याच्या हातात पाटी, आणि ज्याला शेळीची खुन्नस त्याच्या हातात जीव.

"हाईस का?" सिद्राम विचारत होता. हजेरी घेणाऱ्यासारखा सपाट आवाज, वर नाही, खाली नाही.

"हाय," खालून यायचं.

मी तोंडावर असताना आमचं एवढ्यावर भागायचं नाही. मी गावातलं सगळं बोलत बसायचो, तो खालून हुंकार द्यायचा, मधूनच एखादी शिवी द्यायचा. आज नुसतं 'हाईस का' आणि 'हाय'. ऐकून ऐकून मी पाटीला उगाच हिसके द्यायला लागलो. ते रागानं की काळजीनं, हे मला सांगता येत नव्हतं.

ऊन चढलं. रस्त्यावर ट्रक उभा होता आणि व्यापाऱ्याचे दिवाणजी छत्री घेऊन मुकादमाच्या मागं लागले होते, दुपारपर्यंत माल निघाला पाहिजे म्हणून. आण्णा त्यांची समजूत काढत होते. पेव अर्धं रिकामं झालं, अर्ध्याच्याही खाली गेलं. पाट्या यायला आता जास्त दोर लागत होता.

तेव्हा एक पाटी वर आली आणि ती मला जड लागली. मी हात घातला. वरची हळकुंडं खडखडीत होती, खालची मऊ. एक मोडून बघितलं, तर मोडताना आवाज झाला नाही. आत काळपट, वास आंबूस.

"किसना, हे बघ."

"ओल लागली," किसना म्हणाला. "नदीच्या अंगानं झिरपलं असंल."

ओली हळद पेवात हवा ठेवत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तोंडापाशी गेलो आणि वाकून आत बघितलं. कंदील छान जळत होता. फक्त तो सकाळी जिथं सोडला होता तिथंच लटकत होता, तोंडाच्या जरासा खाली. ढीग खाली गेला, ढिगाबरोबर दस्तगीर खाली गेला, आणि कंदील त्याच्यामागं सोडायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. ते काम आण्णांचं होतं. आण्णा दिवाणजींच्या छत्रीखाली अडकले होते. आम्ही सगळे मात्र सकाळपासून उजेड दिसतोय म्हणून निवांत होतो.

"दस्त्या," मी ओरडलो. रुसवा बाजूला राहिला. "खाली ओल हाय. वर ये."

"येतो. एवढी पाटी भरू दे."

"पाटी ऱ्हाऊ दे तिकडं. ये म्हनतो ना."

उत्तर आलं नाही. फावड्याचा आवाज मात्र येत होता. तो हट्टी होता, हातातलं काम अर्धं टाकून उठणारा नव्हता, जेवायला हाक मारली तरी.

"आण्णा, कंदील सोडा खाली," मी म्हणालो.

आण्णांनी बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. छत्रीखालून धावत आले, कंदिलाचा दोर सोडला. कंदील हळूहळू खाली जाऊ लागला. ज्योत आधी लांब झाली. मग बसकी झाली, निळी पडली. आणि विझली.

फावड्याचा आवाज केव्हा थांबला होता ते कुणालाच कळलं नाही.

"हाईस का?" सिद्राम म्हणाला.

काही नाही.

सिद्रामनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यानं दोर मनगटाला वेढा घालून ओढला. दोर ताठ झाला, तोंडावर उभ्या केलेल्या तीन वाशांच्या तिकाटण्यावरची कप्पी कुरकुरली आणि तिथंच अडकलं. खाली माणूस कशात तरी गुंतला होता.

मी पाटीचा दोर टाकला आणि तोंडाकडं धावलो. पाय आत सोडले. त्याच क्षणी छातीत सणसणीत लाथ बसली आणि मी उताणा मातीत पडलो. सिद्रामच्या हातातला दोर इंचभरही सुटला नव्हता. त्यानं बसल्याजागी लाथ मारली होती.

"धरा ह्याला," तो म्हणाला.

नेमगोंडा आणि किसना माझ्यावर पडले. मी हातपाय झाडले. नेमगोंडाच्या दंडाला कडकडून चावलो. तो ओरडला, पण त्यानं सोडलं नाही. मी सिद्रामला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिता येणार नाहीत. तू मारतोयस त्याला, म्हणालो. एका वेलापायी मानूस मारतोयस, म्हणालो. आणि पेवाकडं तोंड करून बोंबलत राहिलो, "दस्त्या, आलो रं. उतरतोय मी. दम धर, उतरतोय."

"दोघं ह्याच्यावर बसल्यात," सिद्राम आण्णांना म्हणाला. "मग वढायचं कुनी?"

मी ते ऐकलं. ऐकूनही झटापट थांबवली नाही, थांबवता आली नाही. आण्णा त्याच्या मागं दोराला लागले. आण्णांचं वय झालेलं, दिवाणजी छत्री टाकून नुसते हात चोळत उभे. दोर ताठच होता. सिद्रामच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

तेवढ्यात जैतून आली. ती रोजच्यासारखी भाकरी घेऊन आली होती. तिनं ताठ झालेला दोर बघितला, माझ्या अंगावर बसलेली दोन माणसं बघितली. मला वाटलं, आता ही मला म्हणणार, भावजी, उतरा. तिनं म्हटलं असतं तर त्या दोघांना घेऊन मी आत पडलो असतो. तिनं भाकरीचं फडकं खाली ठेवलं, पदर खोचला आणि आण्णांच्या मागं दोराला हात घातला.

मी बोंबलतच होतो. "उतरतोय रं, उतरतोय मी."

आणि दोर सुटला. तो एकदम ढिला झाला, तिघं मागं पडता पडता वाचले आणि मग दोर भराभर वर यायला लागला. पहिल्यांदा हात दिसले, मग खाली पडलेली मान. सिद्रामनं बखोटीला धरून त्याला तोंडातून काढला आणि लिंबाच्या सावलीत आडवा केला.

अंगभर हळद लागलेला दस्तगीर. पण ओठ निळे होते आणि छाती हलत नव्हती. आण्णांनी तोंडावर पाणी मारलं. सिद्राम त्याच्या छातीवर हाताचे पंजे दाबत होता आणि एकसारखं म्हणत होता, "ए. ए. उठ." जैतून पोत्यानं वारा घालत होती. माझ्यावरची माणसं केव्हाच उठली होती, तरी मी मातीत होतो तसाच बसून होतो. देवाला नवस बोलायचा म्हटलं तर एक देव आठवेना.

दस्तगीरनं एक लांब घरघर केली, कुशीवर वळला आणि ओकला.

जैतून तेव्हा रडली. सिद्राम उठून बाजूला झाला. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती, दोराला रक्त लागलं होतं. त्यानं दोर गोळा केला, नीट वेटोळं घातलं, खाली ठेवलं. जैतूननं त्याच्यापुढं हात जोडले, तर म्हणाला, "शेळी बांधून ठेवत जा म्हनावं." आणि हात धुवायला गेला.

ट्रकमध्ये हळदीच्या आधी दस्तगीरला घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी नळी लावली, दिवसभर राहू द्या म्हणाले, धोका गेला म्हणाले. मी बाहेरच्या पायरीवर बसलो. टोळीतली माणसं येत होती, जात होती. येणारा प्रत्येक जण सिद्रामचं नाव घेत होता. सिद्राम होता म्हणून. सिद्रामनं हात सोलून घेतले. नेमगोंडा दंडाला पट्टी बांधून आला आणि माझ्यापासून चार हात लांबून आत गेला.

मला आनंद झाला नव्हता असं नाही. तो जगला ह्याचा आनंद एवढा होता की मधूनच डोळे भरून यायचे. पण त्या आनंदाच्या पायात काटा होता. मी नसतो तर काय बिघडलं असतं, असा प्रश्न मला पडला होता, आणि त्याचं उत्तर सोपं होतं. दोर ओढायला दोन माणसं जास्त मिळाली असती. इतकी वर्षं मी ज्याला मैत्री म्हणत आलो तिचा कामाच्या दिवशी एवढाच उपयोग झाला, की दोन धडधाकट गडी तिच्या अंगावर बसवावे लागले. आणि हे त्याला सकाळीच ठाऊक होतं की काय, हा विचार मला पायरीवरून उठू देईना.

ऊन कलल्यावर जैतून बाहेर आली.

"भावजी, आत बोलवलंय."

"सिद्रामला बोलवायचं आसंल. चुकून माझं नाव घेतलं."

"ल्हान पोरावानी करू नका. सकाळपास्नं कायबी खाल्लं न्हाई तुमी. चला."

दस्तगीर खाटेवर पडून होता. कानाच्या पाळीमागं अजून हळद होती. आवाज बसला होता. जैतून पाण्याचा तांब्या उशाशी ठेवून बाहेर गेली, ती मुद्दामच गेली असणार.

"नेमाला चावलास म्हनं," तो म्हणाला.

मी खाटेच्या पायाशी जाऊन उभा राहिलो.

"कुनाला दिसनार न्हाई आसं चावायचं तरी. दंडाला काय चावतोस."

"माझ्यात काय खोट दिसली?" मी विचारलं. विचारायची रीत नव्हती, तरी विचारलं. "पाच-सहा वरसं टोक माझ्याकडं हाय. आज काढून त्याच्याकडं दिलंस. सगळ्यांदेखत. माझी काय चूक झाली तेवढं सांग, मी निघून जातो."

"बस आधी."

"उभाच बराय."

बोलायला त्याला दम लागत होता.

"त्या दिशी मी शिंकत हुतो," तो म्हणाला. "तू हाक मारलीस, मी वर बघितलं, तर तुझं पाय आत आलेलं. तुला आठवतंय का, दोर कुठं हुता?"

मला आठवेना.

"माझ्या डोस्क्यावर. सगळा दोर वरनं माझ्या अंगावर पडला हुता. तू टोक सोडलंस आन् पाय आत घातलंस. मी खरंच पडलो आसतो तर दोघं खाली, दोर खाली, आन् वर कोन न्हाई."

मी बसलो.

"सगळी हसत हुती," तो म्हणाला. "मला घरी गेल्यावर झोप लागली न्हाई. माझं मला न्हाई वाटलं एवढं. मी काय, उतरनाराच हाय, माझं कवातरी व्हायचंच. पर माझ्यामागं तू येनार हे मला दिसलं. तुला नको म्हनून सांगितलं आसतं तर ऐकलं आसतंस?"

"न्हाई."

"मग?"

"म्हनून सिद्राम."

"सिद्रामला माझं कायबी न्हाई. मी मेलो तर जेवून झोपंल. त्याचा हात कापत न्हाई. तोंडावर आसाच मानूस पायजे. ज्याला माझी लई पडलीया त्याच्या हातात दोर ठेवायचा नसतो, जोत्या. त्याला दोर दिसतच न्हाई."

खिडकीतून रस्त्यावरचा आवाज येत होता. मी माझ्या तळहातांकडं बघितलं. त्यांना काही झालेलं नव्हतं.

"बरोबर हाय तुझं," मी म्हणालो. "सिद्राम वढतो, आण्णा वढतो, जैतूनभाभीसुदिक वढती. मग मी कशाला? गप्पा माराय आन् तंबाखू खायाला मानूस कुठंबी मिळतो."

मला वाटलं तो काहीतरी टोचून बोलेल आणि विषय संपेल. पण त्यानं तांब्या मागितला, मी त्याचं डोकं उचलून पाणी पाजलं. मग त्यानं डोळे मिटले. झोपला असेल म्हणून मी उठायला लागलो.

"पायावर ढीग आला हुता," तो डोळे न उघडता म्हणाला. "गुडघ्यापतुर. वरनं वढत हुतीत ते कळत हुतं. पाय काढला तर सुटतोय, हेबी कळत हुतं. पर काढावा आसं वाटंना."

"म्हंजी?"

"झोप आली हुती लेका. लई गोड झोप. उन्हातनं घरात आल्यावर येती तशी. वाटलं, ऱ्हाऊ दे आता. जैतूनचंबी मनात आलं न्हाई, खोटं कशाला बोलू. कायबी नको झालं हुतं." तो थांबला, दम घेतला. "आन् वरनं तू बोंबलत हुतास. उतरतोय, उतरतोय. मला म्हाईत, तू उतरनार. म्हटलं, हे येडं आता उडी टाकतंय, माझ्या अंगावर पडतंय आन् मरतंय. म्हनून पाय काढला."

मी तांब्या परत उशाशी ठेवला.

"दोर सिद्रामच्या हातात हुता, ते बरंच झालं," तो म्हणाला. "पर वर आलो ते तुझ्या भ्यानं."

मी तोंड फिरवलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसलो. जैतून भाकरी घेऊन आत आली. तिनं भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक मला दिला.

पंधरवड्यानं दस्तगीर पुन्हा उतरला. मुकादम नको म्हणत होते, पण त्याचं घर त्या कामावर चालायचं. त्यानं कमरेला दोर बांधला आणि टोक सिद्रामला दिलं. दोघांचं बोलणं पुन्हा बंद झालेलं होतं, शेळीनं ह्या वेळी घेवडा खाल्ला होता. मी हात पुढं केला नाही. पाटी किसनाकडं देऊन मी तोंडापाशी सिद्रामच्या शेजारी जाऊन बसलो आणि खाली तोंड करून बोलायला लागलो. बाजारात मेथी केवढ्याला झाली, पाटलाच्या म्हशीनं कुणाला पाडलं, काय तोंडाला येईल ते.

सिद्रामनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग दोरावरची नजर न हलवता तो म्हणाला, "जरा गप बस की रं. कान किटलं."

खालून, अंधारातून, आवाज आला. "बोलू दे त्याला."